एचबीए१सी ६.९ आलंय? आधी सीबीसी काढा

रिपोर्टवर एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ६.९ टक्के. साडेसहाच्या वर गेलं की डायबिटीस, हे आता घरोघरी पाठ आहे. पण औषध सुरू करण्याआधी सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीचा, कागद काढा आणि हिमोग्लोबिन बघा.

ही तपासणी साखर थेट मोजत नाही. साखर लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी मरेपर्यंत, म्हणजे साधारण १२० दिवस, तशीच राहते. किती टक्के हिमोग्लोबिनला चिकटली, तो हा आकडा. त्यामुळे पेशी किती जुनी, यावरही तो हलतो.

अंगात लोह कमी असेल तर साखर न वाढताही आकडा वर सरकू शकतो. रक्त चढवलं असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील, तर तो फसवा खाली येतो. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार आहे. दोन्ही जनुकं सिकलची असतील तर त्या रक्तात नेहमीचं ‘ए’ हिमोग्लोबिन तयारच होत नाही. मग ए१सी मोजायचं कशाचं? अशा वेळी फ्रुक्टोसमीन करतात, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजतात; ते मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगतं. नाहीतर सरळ उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर बघायची.

दुसरी गोची सरासरीची. ए१सी ७ म्हणजे सरासरी साखर साधारण १५४. एकाची दिवसभर १३० ते १८०. दुसऱ्याची दुपारी ३००, पहाटे ५५, घामाने बनियन चिंब. दोघांच्या रिपोर्टवर ७ च!

आणि आकडा खाली आणला म्हणजे मरण लांबलं का? अमेरिका-कॅनडातल्या ‘अ‍ॅकॉर्ड’ अभ्यासात टाइप २ डायबिटीसचे, हृदयविकाराचा धोका जास्त असलेले १०,२५१ जण होते. निम्म्यांचं ए१सी ६ च्या खाली न्यायचं ठरलं, बाकीच्यांचं ७ ते ७.९. पहिल्या गटाचं ६.४ पर्यंत उतरलं. पण त्या गटात २५७ मृत्यू झाले, दुसऱ्यात २०३. फेब्रुवारी २००८ मध्ये कडक उपचार थांबवावे लागले.

म्हणून ए१सी कचऱ्यात टाकू नका हं. डोळ्यांचा पडदा आणि किडनी यांच्या धोक्याचा अंदाज त्यावरून चांगला येतो. मात्र पंचाहत्तरीच्या, हृदयाचा त्रास असलेल्या आजोबांना ८ च्या आत पुष्कळदा पुरतं. त्यांना ६ वर ओढायच्या नादात पहाटे साखर उतरून ते बाथरूममध्ये पडले, तर खुब्याचं हाड जातं.