संपमधले बारीक बुडबुडे : पाण्याचा वेग आणि बुडबुड्याचा वेग

नमस्कार. आज मी एकाच तक्रारीबद्दल बोलणार आहे. टाकी स्वच्छ आहे, मासे ठणठणीत आहेत, पाण्याच्या चाचण्याही बरोबर येतात, पण पाणी काही केल्या नितळ दिसत नाही. रिटर्नच्या, म्हणजे पाणी टाकीत परत सोडणाऱ्या पाइपच्या, तोंडातून पांढरट धुरासारखं काहीतरी येतं आणि टाकीभर पसरतं. पुष्कळ जण त्याला गढूळपणा समजतात. मग कार्बन घाला, पाणी बदला, पाणी निवळायचं औषध आणा, असं सुरू होतं. यातलं काहीही करण्याआधी रात्री खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च टाकीच्या बाजूच्या काचेला टेकवून धरा. प्रकाशाच्या पट्ट्यात जे दिसेल ते पाच मिनिटं नुसतं बघा. कण प्रवाहाबरोबर भरकटत असतील, खाली बसत असतील, तर तो गाळ. प्रत्येक कण चमकत असेल आणि पाणी शांत आहे तिथे हळूहळू वर चढत असेल, तर ती हवा. खात्री हवी असेल तर रिटर्न पंप दहा मिनिटं बंद ठेवा. हवा तेवढ्यात निघून जाते, गाळ तसाच राहतो.

ही हवा बहुतेक वेळा संपमधून, म्हणजे टाकीखालच्या कॅबिनेटमधल्या फिल्टरच्या टाकीतून, येते. टाकीचं पाणी ओव्हरफ्लोने खाली उतरतं, स्किमरमधून, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसात घाण पकडून बाहेर काढणाऱ्या यंत्रातून, जातं आणि पंपाने परत वर चढतं. या वाटेवर जिथे पाणी हवेत आपटतं तिथे बुडबुडे तयार होतात. मोठे बुडबुडे त्रास देत नाहीत, ते झटकन वर येऊन फुटतात. त्रास एक मिलिमीटरपेक्षा बराच लहान असलेल्या बुडबुड्यांचा.

इथे थोडं भौतिकशास्त्र समजून घेऊ, कारण सगळे उपाय त्यातूनच निघतात. इतका बारीक बुडबुडा किती वेगाने वर जाईल, हे जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमावरून काढता येतं. हा वेग व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. म्हणजे व्यास निम्मा झाला की वेग एक चतुर्थांश होतो. ०.२ मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला साधारण दोन सेंटिमीटर वर चढतो. ०.१ मिलिमीटरचा साधारण साडेपाच मिलिमीटर चढतो. ०.०५ मिलिमीटरचा चढतो सुमारे १.४ मिलिमीटर. म्हणजे वीस सेंटिमीटर खोल पाण्यातून वर यायला या शेवटच्या बुडबुड्याला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो, तोही पाणी पूर्ण स्थिर असेल तर. आपल्या संपमध्ये पाणी कधीच स्थिर नसतं.

त्यात समुद्राच्या पाण्याची स्वतःची एक खोड आहे. गोड्या पाण्यात दोन बुडबुडे एकमेकांना भिडले की पटकन एक होतात, मोठे होतात आणि वर निघून जातात. लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असलेल्या पाण्यात हे एकत्र येणं खूपच कमी होतं. बुडबुडे बारीकच राहतात. याच गुणामुळे प्रोटीन स्किमर समुद्री टाकीत इतका चांगला चालतो आणि गोड्या पाण्यात फारसा उपयोगी पडत नाही. त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीवर गुपचूप चाललेला संप मीठ घातल्यावर धुरकट झाला, तर घाबरू नका. संप तोच आहे, बुडबुड्यांचं वागणं बदललं आहे.

आता एक प्रत्यक्ष टाकी घेऊ. चार फुटी, १२० बाय ४५ बाय ५० सेंटिमीटर, म्हणजे २७० लिटर. खाली तीन फुटी संप, ९० सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद. पंप ठेवलेला असतो तो रिटर्नचा कप्पा २५ सेंटिमीटर लांब. पंपाच्या खोक्यावर ताशी ३,००० लिटर लिहिलेलं आहे, पण ते शून्य उंचीवरचं. सव्वा-दीड मीटर चढून गेल्यावर किती उरतं ते मोजायचं असेल तर रिटर्नच्या तोंडाखाली दहा लिटरची बादली धरा आणि घड्याळ लावा. अठरा सेकंदांत भरली तर तुमचा खरा प्रवाह ताशी २,००० लिटर. सेकंदाला साडेपाचशे घनसेंटिमीटर.

रिटर्नच्या कप्प्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ २५ गुणिले ३०, म्हणजे ७५० चौरस सेंटिमीटर. प्रवाहाला क्षेत्रफळाने भागलं की सेकंदाला साधारण साडेसात मिलिमीटर येतात. ज्याचा वर जाण्याचा वेग याहून कमी, तो बुडबुडा पंपाच्या तोंडी जाण्याची शक्यता जास्त. म्हणजे ०.१ मिलिमीटरचे बरेचसे बुडबुडे या कप्प्यातून सुटत नाहीत. हा हिशेब माझा नाही. पाणीपुरवठ्याच्या टाक्यांत गाळ कसा बसतो याचा अभ्यास करताना अमेरिकन अभियंता अ‍ॅलन हेझन यांनी १९०४ मध्ये दाखवून दिलं की टाकीची खोली वाढवून फारसा फायदा होत नाही, पृष्ठभाग वाढवला की होतो. गाळ खाली बसतो, बुडबुडा वर येतो, दिशा उलट पण गणित एकच. म्हणून संप उंच करण्यापेक्षा लांब करा, असं मी आग्रहाने सांगतो. कॅबिनेटमध्ये जागा लांबीचीच असते, तरी लोक उंच संप का बनवून घेतात हे मला आजवर कळलेलं नाही.

संप मात्र बहुतेकांचा आधीच बनलेला असतो. मग प्रवाह कमी करा. टाकीच्या पाण्याच्या तीन ते पाच पट पाणी तासाला संपमधून फिरलं की स्किमर आणि हीटरला पुरतं. २७० लिटरला हजार-बाराशे लिटर झाले. बाकीचं पाणी हलवायचं काम टाकीतल्या वेव्हमेकरचं आहे. २,००० वरून १,२०० वर आलात तर त्याच कप्प्यातला वेग साडेसातवरून साडेचार मिलिमीटरच्या खाली येतो, आणि ०.१ मिलिमीटरचा बुडबुडा आता सुटतो. एक रुपया खर्च न करता. डीसी पंप असेल तर वेग कमी करा, एसी असेल तर पंपाच्या पुढच्या, म्हणजे वर जाणाऱ्या पाइपवर व्हॉल्व्ह लावा. आत ओढणाऱ्या बाजूला व्हॉल्व्ह कधीही आवळू नका, तिथे पंप उपाशी राहतो आणि स्वतःच बुडबुडे बनवायला लागतो.

आता बॅफलकडे येऊ. बॅफल म्हणजे संपमध्ये पाण्याच्या वाटेत आडव्या येणाऱ्या उभ्या काचा. अशा तीन काचा लावायची पद्धत आहे: पाणी पहिलीच्या वरून, दुसरीच्या खालून, तिसरीच्या वरून जातं. याला बबल ट्रॅप म्हणतात. बहुतेक ठिकाणी दोन काचांमध्ये एक इंच जागा ठेवलेली असते, आणि घोळ तिथेच आहे. अडीच सेंटिमीटर गुणिले तीस, म्हणजे ७५ चौरस सेंटिमीटर. ताशी २,००० लिटर पाणी त्यातून खाली उतरतं ते सेकंदाला जवळजवळ साडेसात सेंटिमीटर वेगाने. मिलिमीटर नव्हे, सेंटिमीटर. साधारण अर्ध्या मिलिमीटरचा आणि त्याहून बारीक असा कुठलाही बुडबुडा त्या धारेच्या विरुद्ध वर चढू शकत नाही. गर्दीच्या वेळी दादरच्या जिन्यावर उलटं चढायला गेल्यावर होतं तसं, पाणी त्याला उचलून खालीच घेऊन जातं. ट्रॅप मोठे बुडबुडे अडवतो, पण ज्यांचा त्रास आहे ते त्यातून सहज जातात. हीच जागा पाच सेंटिमीटर केली आणि प्रवाह १,२०० केला तर तो वेग सव्वादोन सेंटिमीटरच्या आत येतो. खालून जाणाऱ्या काचेखालची फटही तेवढीच मोठी हवी, नाहीतर पाणी तिथे पुन्हा जोर पकडतं.

या काचांमध्ये स्पंज कोंबणं हा बाजारातला सर्वांत लोकप्रिय उपाय आहे आणि मला तो आवडत नाही. पहिला आठवडा छान जातो. मग स्पंजमध्ये घाण साठते, ती कुजून नायट्रेट वाढतं, पाणी अडतं, मागची पातळी चढते आणि पाणी स्पंजच्या डोक्यावरून धबधब्यासारखं पडायला लागतं. म्हणजे बुडबुडे अडवायला लावलेली वस्तूच बुडबुडे करते. दर दोन-तीन दिवसांनी काढून धुणार असाल तर जरूर लावा. फिल्टर सॉकचंही तसंच. २०० मायक्रॉनचा सॉक खाली येणाऱ्या पाण्याचा खळखळाट चांगला शोषतो, पण वेळेवर बदलला तरच.

त्यापेक्षा बुडबुडे मुळात कमी कसे होतील ते बघा. ओव्हरफ्लोच्या पाइपात हवा आणि पाणी मिसळून खाली येत असेल तर तो पाइप दिवसभर बुडबुड्यांचा कारखाना चालवतो. डर्सो पद्धतीच्या पाइपात हे होतंच. हर्बी किंवा बीनअ‍ॅनिमल पद्धतीत मुख्य पाइप पूर्ण पाण्याने भरून सायफनवर चालतो, त्यात हवा नसतेच, शिवाय आवाजही जातो. त्यासाठी गेट व्हॉल्व्ह लावा, बॉल व्हॉल्व्हने इतकं बारीक जुळवता येत नाही. आणि दुसरा आपत्कालीन पाइप हवाच, त्यात तडजोड नको. पाइपचं तोंड संपच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडलेलं ठेवा. जास्त खोल नेलं तर आतली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरत नाही. डर्सोच ठेवायचा असेल तर खालच्या टोकाला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवा, तिचं एक तोंड वर उघडं ठेवा. हवा वरून निघते, पाणी खाली जातं. प्लंबिंगच्या कुठल्याही दुकानात मिळणारा तुकडा आहे.

स्किमर नवा असेल तर पहिले काही दिवस तो धूर सोडणारच. आतल्या भिंतींवर थर बसेपर्यंत थांबा, लगेच परत करायला पळू नका. प्रवाळ चिकटवायची पुट्टी वापरली, पाण्यात औषध घातलं, तरी तो एक-दोन दिवस उसळतो. दोष स्किमरचाच आहे का, हे कळायला तो तासभर बंद ठेवून टॉर्च लावून बघा. धूर कमी झाला तर स्किमर उत्पादकाने सांगितलेल्या पाण्याच्या उंचीत उभा आहे का ते पट्टीने मोजा. त्याचं बाहेर पडणारं पाणी रिटर्नच्या दिशेला न सोडता संपच्या मागच्या काचेकडे वळवा.

आता एक अशी गोष्ट, जी मी घरोघरी बघतो. टाकी सोमवारी स्वच्छ असते आणि गुरुवारी धुरकट होते. संपमध्ये बाकी सगळ्या कप्प्यांची पातळी काचांच्या उंचीने बांधलेली असते. उडून गेलेलं सगळं पाणी फक्त रिटर्नच्या कप्प्यातून कमी होतं. आपल्या ७५० चौरस सेंटिमीटरच्या कप्प्यात दीड लिटर पाणी उडालं की पातळी दोन सेंटिमीटर उतरते. पुण्यात किंवा नागपुरात एप्रिल-मेमध्ये टाकीवर पंखा लावला असेल तर रोज तीन लिटर सहज जातात, म्हणजे रोज चार सेंटिमीटर. शेवटच्या काचेवरून पडणारी धार तेवढी लांब होते, खाली आपटते आणि थेट पंपाच्या तोंडाशी फेस करते. पातळी आणखी उतरली की पंपावर भोवरा तयार होतो आणि पंप वरची हवाच ओढतो. ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, बसवा, नाहीतर काचेवर मार्करने रेघ ओढा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत आरओचं पाणी घाला. मीठ घातलेलं पाणी घालू नका, कारण उडतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं.

वीज गेली की वरचं पाणी संपमध्ये उतरतं, आणि परत आली की पाइपात अडकलेली हवा फसफसत टाकीत येते. पाच-दहा मिनिटांत ते शांत झालं तर काळजी करू नका. तासभर चाललं तर कुठेतरी हवा आत येते आहे. पंप संपच्या बाहेर बसवलेला असेल तर आत ओढणाऱ्या बाजूचा प्रत्येक सांधा तपासा. ही गळती फसवी असते. पंप चालू असताना तिथे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्यामुळे पाण्याचा थेंबही बाहेर येत नाही, हवा मात्र आत जात राहते. पंप बंद केल्यावर तिथे ओल दिसू शकते. चालू पंपाच्या सांध्यावर मगाने पाणी ओता. धूर क्षणभर थांबला तर जागा सापडली. युनियनची, म्हणजे पाइपच्या खोलता येणाऱ्या जोडाची, ओ-रिंग काढून पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा आणि परत आवळा. या एका गळतीकडे दुर्लक्ष करू नका, कारण पंपाच्या दाबाखाली हवा पाण्यात प्रमाणाबाहेर विरघळू शकते आणि मत्स्यबीज केंद्रांत माशांच्या अंगात वायूचे बुडबुडे होण्याचा आजार अशा गळतीतूनही उद्भवतो.

एरवी या बुडबुड्यांनी मासे मरत नाहीत, हेही स्पष्ट सांगतो. पण ते पृष्ठभागावर फुटताना खारे तुषार उडवतात. दिव्यांवर, वायरींवर, प्लगवर पांढरी खपली चढते ती त्यामुळे. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर घ्या, म्हणजे ओघळ आला तरी सॉकेटमध्ये जाणार नाही. आज घरी जाऊन निदान एवढं तरी बघा.

मागून प्रश्न आला आहे की नवा संप बनवून घेताना काच कापणाऱ्याला काय सांगायचं. कॅबिनेटमध्ये मावेल तेवढी लांबी सांगा. रिटर्नचा कप्पा चाळीस सेंटिमीटरपेक्षा लहान नको. दोन काचांमध्ये पाच सेंटिमीटर, खालून जाणाऱ्या काचेखाली पाच सेंटिमीटर, आणि तिचं वरचं टोक पाण्याच्या पातळीच्या बरंच वर, म्हणजे बुडबुडे वरून उडी मारून जाणार नाहीत. वीज गेल्यावर वरून किती पाणी येईल ते आधी मोजा. आपल्या चार फुटी टाकीत पातळी दोन सेंटिमीटर उतरली तर जवळजवळ अकरा लिटर पाणी खाली येतं, तेवढी जागा संपमध्ये रिकामी हवी. सिलिकॉन बुरशीरोधक औषध नसलेलं घ्या. ते दोन-तीन दिवस पूर्ण सुकू द्या, मग साधं पाणी भरून एक दिवस गळती बघा, आणि त्यानंतरच संप कॅबिनेटमध्ये सरकवा.