गाय, घोडा, मांजर आणि चौघांची अभ्यासटोळी

नमस्कार मंडळी,

परदेशात पशुवैद्यक शिकणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी थोडं कामाचं बोलायचं आहे.

कॉलेज निवडताना मान्यता बघा. पुढे जिथे काम करायचं त्या देशाची. अमेरिकेतल्या ‘एव्हीएमए’ या पशुवैद्यकांच्या संघटनेची मान्यता नसलेली पदवी घेऊन तिथे गेलात, तर ‘ईसीएफव्हीजी’ या परदेशी पदवीधरांसाठीच्या प्रमाणपत्रासारख्या वाटेनं जावं लागतं: पदवीची पडताळणी, इंग्रजी, लेखी परीक्षा आणि शेवटी प्रत्यक्ष जनावरांवरची परीक्षा. तीत भूल, घोडा, शवविच्छेदन, शस्त्रक्रिया वगैरे सात विभाग असतात. परवान्याची ‘नॅव्हली’ ही परीक्षा वेगळीच, 360 प्रश्नांची.

आता अभ्यासातल्या सोबतीचं. आपला पेशंट एका जातीचा नसतो, खरी अडचण तिथेच आहे. झायलाझिन या गुंगीच्या औषधाचा घोड्याला चालणारा डोस गाईला द्याल तर ती आडवी होईल. तिला साधारण दहावा हिस्सा पुरतो. पॅरासिटामॉलनं मांजर मरू शकतं. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून पोटशूळात नाकातून नळी घालून जठर मोकळं करायची घाई असते. एकट्यानं हे सगळं घोकून डोक्यात राहत नाही. चौघं जमा, प्रत्येकानं एक प्राणी घ्या, आणि एकच औषध किंवा एकच आजार चौघांनी आपापल्या प्राण्यावर मांडा. नुसत्या नोट्स वाटणारा गट मात्र परीक्षेआधीच विरतो, कारण तिथे कुणी कुणाला प्रश्न विचारत नाही.

टाके घालण्याचा सराव स्पंजवर, समोर कुणीतरी बसवून करा. दुसरा फेरा उलट दिशेनं पडला नाही तर गाठ सरकते, आणि ते स्वतःला दिसत नाही.

मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून हे बोलणं जरा उफराटं वाटेल, पण गट फक्त मराठी मुलांचा नको. एखादा स्थानिक वर्गमित्र हवाच. सरावात त्याला गोठ्याच्या मालकाची भूमिका द्या आणि त्याच्या बोलीत विचारा: कधीपासून खात नाही, शेण कसं आहे, दूध किती उतरलं?

रेबीजची प्रतिबंधक लस गटानंच एकत्र घ्या, क्लिनिकमधलं प्रत्यक्ष काम सुरू व्हायच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दोन डोसांची आहे, मध्ये 7 दिवस.

पहिल्यांदा दयामरण पाहून आलेल्याला त्या संध्याकाळी प्रश्न विचारू नका, बोलू द्या. आणि लागोपाठ दोन बैठका न सांगता चुकवणाऱ्याला मेसेज करत बसू नका; खोलीवर जाऊन दार वाजवा.