अपमान आणि पहिला घोट यांच्यामधले तास

व्यसनाची माहिती घेताना किती पिता, कधीपासून, कुणाबरोबर, हे आपण सगळे विचारतो. लोक तुमच्याशी कसे वागतात, हे विचारायचं मात्र राहून जातं. मग आपण दारूवर उपचार करतो आणि ती ज्यावर उतारा म्हणून घेतली जाते ते दुखणं तसंच राहतं.

विचारायचीही रीत आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये रोजच्या भेदभावासाठी ९ प्रश्नांची मोजपट्टी मांडली. तिच्या प्रश्नांत ‘भेदभाव’ हा शब्दच येत नाही. इतरांपेक्षा कमी मान मिळतो का, दुकानात किंवा हॉटेलात वाईट सेवा मिळते का, तुम्हाला अक्कल कमी आहे असं धरून लोक वागतात का, हे किती वेळा घडतं ते आधी विचारतात. वंश, लिंग, वय, धर्म, वजन, यांतलं कारण कोणतं असावं, हा प्रश्न शेवटी. क्रम उलटा केलात तर “माझ्याशी तसं कुणी वागत नाही” एवढं बोलून माणूस विषय मिटवू शकतो.

अशा अपमानाचा प्रसंग स्वतः छोटा असतो. नाव ऐकून समोरच्याचा सूर बदलतो, बस्स. त्रास त्याच्या आधी आणि नंतर. आधी, आज काय ऐकावं लागेल म्हणून अंग आवळून बसणं. नंतर, “तेव्हाच का नाही बोललो” हे रात्री मनात घोळवत राहणं. दोन्ही वेळा शरीर प्रसंग चालू असल्यासारखंच वागतं, नाडी वाढते, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक स्रवतं. दारू नेमकी इथे शिरते. ती डोळा लवकर लावते म्हणून औषध वाटते; अंमल उतरला की उत्तररात्री झोप तुटते. सकाळी माणूस कालपेक्षा हळवा होऊन त्याच जागी जातो.

म्हणून १४ दिवसांची वही ठेवायला सांगा. प्रसंग किती वाजता, पहिला घोट किती वाजता, किती प्यालो, झोप कधी मोडली. नोंद त्याच दिवशी हवी. आठवड्याची एकदम भरली तर वेळा अंदाजाने पडतात, आणि आपल्याला वेळाच हव्या आहेत. प्रसंग आणि घोट यांच्यामध्ये जे तास दिसतील, तिथे एखादं माणूस आणा, शक्यतो तसंच सोसलेलं, ज्याच्यापाशी पुरावा न देता बोलता येईल.

“मनावर घेऊ नका” असं कृपा करून म्हणू नका. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ ‘तुमचंच चुकलं’ असा लागतो, आणि असे लोक परत येत नाहीत.

वही बघून लगेच “उद्यापासून बंद” असंही सांगू नका. पिणं किती धोक्याचं आहे ते जोखणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ या प्रश्नावलीत २० किंवा जास्त गुण आले, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. भ्रम, थरथर, ताप त्यानंतरही, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी.