बटण दाबलं की आधी कोण उठतं?

नमस्कार मंडळी. आज मला विषय दिलाय तो असा, की डेस्कटॉप कॉम्प्युटरवर खुल्या ऑपरेटिंग सिस्टिम आणि कंपनीच्या मालकीच्या सिस्टिम यांच्यातली स्पर्धा. म्हणजे एकीकडे लिनक्स, दुसरीकडे विंडोज आणि मॅक. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे अख्खं मशीन चालवणारा मुख्य प्रोग्रॅम. विषय ऐकून निम्मे लोक म्हणाले असतील, हे कॉम्प्युटरवाल्यांचं आपसातलं भांडण, आपल्याला काय त्याचं. थांबा, आवाज बारीक करू नका. मी आज एक गोष्ट सांगणार आहे. ती मी मिळेल त्याला सांगते, घरचे आता सुरुवात ऐकूनच उठून जातात, तुम्ही तरी बसा.

त्याआधी थोडं बोलून घेते. थोडंच. विंडोज काय असतं हे सांगायची गरज नाही, आयुष्यात एकदा तरी कुणीतरी येऊन तुमच्या मशीनवर विंडोज टाकून गेलेलं असणारच. बंद सिस्टिम म्हणजे जिचा कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, कंपनीच्या तिजोरीत, आपल्याला फक्त वापरायचा परवाना. खुली म्हणजे कोड चारचौघांत उघडा, वाचा, बदला, पुढे द्या. अमेरिकेत एमआयटीतल्या रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये खुली सिस्टिम लिहायचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला, आणि १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या पोराने सांगितलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, आपला छंद म्हणून, फार मोठं काही नाही. तेच लिनक्स. त्या छंदाचं पुढे काय झालं? जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरांची यादी निघते ना, तिच्यात २०१७ च्या नोव्हेंबरपासून पाचशेच्या पाचशे मशीन लिनक्सवर आहेत. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. सगळीकडे आहे. फक्त टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मात्र शंभरात मोजकं सापडतं.

का? तर लोक सांगतात, लिनक्स अवघड आहे. काही म्हणतात गेम चालत नाहीत, ऑफिसच्या फाइली विस्कटतात. थोडं खरं आहे, नाही असं नाही. पण माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी आज दोन-तीनदा तरी सांगणार, कारण रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही. माझं म्हणणं असं, की ही स्पर्धा कोण चांगलं यावर होतच नाही. नवीन मशीन खोक्यातून काढलं, बटण दाबलं, की आधी कोण उठतं? जो आधी उठतो तो जिंकतो. बस.

आता गोष्ट.

ॲपलमध्ये मोठ्या हुद्द्यावर असलेला एक फ्रेंच माणूस होता, जाँ-लुई गासे. १९९० मध्ये तो तिथून बाहेर पडला आणि त्याने स्वतःची कंपनी काढली, नाव काय ठेवलं तर बी. बस, एवढंच, बी. त्यांनी अगदी कोऱ्या पाटीवरून एक सिस्टिम लिहिली, बीओएस. जुनं काही सांभाळायचं नाही, जुने प्रोग्रॅम चालले पाहिजेत असलं ओझं नाही. आधी त्यांनी स्वतःचं मशीनही काढलं होतं १९९५ मध्ये, बीबॉक्स, त्यात दोन प्रोसेसर, आणि समोरच्या बाजूला दोन्हीकडे उभ्या रांगेत छोटे छोटे दिवे. प्रोसेसरला जेवढं काम, तेवढे दिवे वर चढायचे. म्हणजे कोणता प्रोसेसर राबतोय आणि कोणता बसून आहे हे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचं. हल्ली असं काही दिसतच नाही हो, मशीन विचार करतंय की मेलंय काही कळत नाही, पूर्वी हार्डडिस्कचा एक लाल दिवा तरी लुकलुकायचा, तोही काढून टाकला, का तर म्हणे सुटसुटीत दिसतं. सुटसुटीत दिसून काय करायचंय, माणसाला आतलं कळायला नको का? असो.

तर बीओएस. काही सेकंदांत चालू व्हायची. त्या काळात, जेव्हा आपण बटण दाबून हातपाय धुऊन यायचो तेव्हा. तिचा एक खेळ ते सगळ्यांना दाखवायचे, पडद्यावर फिरणारा चौकोनी ठोकळा आणि त्याच्या प्रत्येक बाजूवर वेगळा व्हिडिओ चालू. ठोकळा फिरवा, व्हिडिओ अडकत नाही. तेव्हा आपल्याकडच्या मशीनवर एक व्हिडिओ धड चालला तरी घरातली माणसं बघायला गोळा व्हायची. ॲपलसुद्धा १९९६ मध्ये बीओएस विकत घ्यायला निघाली होती, पण भाव जमला नाही, आणि त्यांनी त्याऐवजी स्टीव्ह जॉब्सची नेक्स्ट कंपनी घेतली, त्यातून जॉब्स परत आले आणि पुढे आजचं मॅक, पण ती दुसरी गोष्ट, तिकडे गेले तर परत येणार नाही.

आणि हो, बीओएस खुली नव्हती बरं का. तीही बंदच. मग खुल्या-बंदच्या विषयात ती कशाला घुसवतेय असं तुम्ही म्हणाल. येते त्यावर. शेवटी येते.

आता झालं काय, की बीवाल्यांच्या लक्षात आलं, लोक स्वतः होऊन दुसरी सिस्टिम टाकत नाहीत. कोण टाकणार? म्हणून गासेने पीसी बनवणाऱ्या कंपन्यांना सांगितलं, आमची सिस्टिम घ्या, फुकट घ्या. विंडोज काढू नका, राहू द्या, तिच्या शेजारी आमची ठेवा. अट एकच, मशीन चालू झाल्यावर माणसाला दोन्ही नावं दिसली पाहिजेत, ज्याला जी हवी ती त्याने निवडावी. फुकट! एक पैसा नको. आणि तयार कोण झालं, तर जपानची हिताची. एवढी मोठी कंपनी. १९९८-९९ च्या सुमाराला त्यांच्या फ्लोरा प्रियस नावाच्या पीसींवर बीओएस गेलीसुद्धा.

आणि आता ऐका हं, यासाठीच मी ही गोष्ट सांगते. पीसी बनवणाऱ्यांचा मायक्रोसॉफ्टशी विंडोजचा जो करार असायचा, त्यात चालू होतानाच्या क्रमात ढवळाढवळ करायची नाही अशा अटी होत्या. मशीन चालू झालं की सिस्टिमच्या आधी जागा होतो तो इवलासा प्रोग्रॅम, बूट लोडर, दारावरचा वॉचमन समजा. कोणाला आत सोडायचं ते तो ठरवतो. तर बीचं म्हणणं असं, की त्या करारामुळे हिताचीला तो दोन नावं दाखवणारा वॉचमन बसवता आला नाही. मग मशीन बाजारात कसं आलं? बीओएस हार्डडिस्कवर आहे. पूर्ण आहे, चालू स्थितीत आहे. पण बटण दाबलं की थेट विंडोज. बीओएसचं नाव पडद्यावर नाही, आयकॉन नाही, काही नाही. म्हणजे तुमच्या घरात एक खोली आहे, सामानसुमान लावलेली, दिवा लावलेला, आणि तिला दारच नाही! ज्याला कुठून तरी कळेल त्याने बीच्या वेबसाइटवर जायचं, तिथली सूचनापत्रिका वाचायची, त्याबरहुकूम खटपट करायची, तेव्हा ती खोली उघडायची. किती लोकांनी केलं असेल सांगा बरं? मी तर म्हणते त्यातली कितीतरी मशीन भंगारात गेली असतील आणि मालकाला शेवटपर्यंत पत्ता नसेल की आत दुसरी सिस्टिम झोपलेली होती.

मला ना हे चित्र डोक्यातून जातच नाही. वस्तू चांगली. किंमत शून्य. पोचलीसुद्धा, गिऱ्हाइकाच्या टेबलापर्यंत पोचली. आणि तरी हरली. कारण बटण दाबल्यावर आधी उठली नाही.

पुढचं पटकन सांगते. २००१ मध्ये बीची मालमत्ता पाम कंपनीने घेतली, १ कोटी १० लाख डॉलरला. २००२ मध्ये बीने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला, २००३ मध्ये तडजोड झाली, मायक्रोसॉफ्टने २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर दिले आणि आमची काही चूक नाही असंही सांगितलं. म्हणजे बघा, वस्तूपेक्षा भांडणाला दुप्पट भाव आला. तिकडे अमेरिकेच्या सरकारचा मायक्रोसॉफ्टवर वेगळा खटला चालूच होता, खालच्या कोर्टाने कंपनीचे दोन तुकडे करा म्हटलं, ते २००१ मध्ये अपिलात रद्द झालं, पण करारांमधल्या बऱ्याच अटी बेकायदा आहेत हे अपील कोर्टानेही मानलं. आणि नंतर सरकारशी जो समझोता झाला त्यात चक्क लिहून आलं, की पीसी बनवणाऱ्यांना दुसरी सिस्टिम चालू करायचा पर्याय देता येईल. झालं! दार ठेवायची परवानगी मिळाली, तोवर खोलीतलं बिऱ्हाड उठलेलं.

बरं, घड्याळ बघितलं, निम्म्याच्या वर वेळ गोष्टीतच गेला. नेहमी असंच होतं. चला, लिनक्सकडे.

लिनक्सचं वेगळं काय आहे, तर ते मरत नाही. कंपनी बुडाली म्हणून लिनक्स बुडालं असं होत नाही, कोड लोकांकडे असतो. पण खोक्यात आधीपासून असण्याचा प्रश्न त्यालाही सुटलेला नाही. एकदाच सुटता सुटता राहिला. २००७ मध्ये आसुसचे ते छोटे लॅपटॉप आले, ई पीसी, सात इंची पडदा, आत लिनक्स. धडाधड खपले. लोकांनी लिनक्स निवडलं का? छे, लोकांनी छोटा लॅपटॉप निवडला, लिनक्स आत होतं म्हणून वापरलं. तेव्हा मायक्रोसॉफ्टकडे नवीन विंडोज होतं व्हिस्टा, आणि ते त्या इवल्याशा मशीनवर हलेना. मग त्यांनी काय केलं, निवृत्तीला निघालेल्या आधीच्या विंडोजला, एक्सपीला, परत बोलावलं, या छोट्या मशीनसाठी ती २०१० पर्यंत चालू ठेवली, आणि दोन वर्षांत त्या प्रकारच्या बहुतेक लॅपटॉपवर बटण दाबल्यावर एक्सपी उठायला लागली. उलट जिथे लिनक्स खोक्यातूनच आलं तिथे कुणी कुरकुर करत नाही. २०११ पासूनची क्रोमबुकं, गूगलच्या सिस्टिमवरचे ते लॅपटॉप, बघा, २०२२ चं ते स्टीम डेक गेमचं यंत्र बघा, दोन्हीच्या आत लिनक्स. आणि गेम चालत नाहीत म्हणणारे आता त्यावरच विंडोजचे गेम खेळतात.

आणखी एक, लिनक्सवाले सारखे सांगतात फुकट आहे, फुकट आहे. अहो पण घेणाऱ्याला विंडोजही फुकटच वाटते ना! मशीनच्या किमतीत तिचे पैसे मिसळलेले असतात, वेगळे दिसत नाहीत. जे पैसे दिलेत हेच माहीत नाही, ते वाचवायला कोण धावेल? बीओएसही फुकटच होती. आणि लिनक्सवाल्यांबद्दल बोलतेच आहे तर हेही बोलून टाकते, लिनक्सचे प्रकार अनेक, नवीन माणसाने नुसतं विचारलं की कोणतं लिनक्स टाकू, तर पाच जण पाच नावं सांगतात आणि मग आपसातच जुंपते, तो बिचारा निमूटपणे परत जातो. पण बंदवाल्यांनीही फार हसू नये, काम रंगात आलेलं असताना अपडेटसाठी रीस्टार्ट होणारी मशीन त्यांचीच.

आता सध्याचं. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार संपला, म्हणजे कंपनीच्या नेहमीच्या दुरुस्त्या थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसरही ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो. त्यामुळे झालंय असं, की धडधाकट मशीन, काही दुखत नाही खुपत नाही, पण विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही. लिनक्सला असा मोका फार दिवसांनी मिळालाय. पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरूनच चालू करून बघा, आवडलं तर टाका, नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढा, आतलं विंडोज होतं तसं राहतं. हे परत सांगते, नुसतं चालवून बघितल्याने आतल्याला धक्का लागत नाही. टाकायचं ठरलं तर मात्र आधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करून ठेवा, मग रडायचं नाही.

पण इथेही तो वॉचमन आहेच. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आलं, ओळखीच्या डिजिटल सहीशिवाय कुठल्या प्रोग्रॅमला आत सोडायचं नाही. हेतू चांगला आहे, व्हायरस आधी उठून बसू नये म्हणून. पण बहुतेक पीसींवर सही चालते ती मायक्रोसॉफ्टची, त्यामुळे उबुंटू, फेडोरासारखी मोठी लिनक्स मायक्रोसॉफ्टची सही असलेला एक छोटा प्रोग्रॅम पुढे करून आत शिरतात. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या घराच्या चिठ्ठीवर प्रवेश! २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर लिनक्सला कॅन्सर म्हणाले होते, आता मायक्रोसॉफ्टच विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय देते. दिलजमाई म्हणा हवं तर. वॉचमनच्या हातातली वही मात्र कुणाची ते बघा.

आता ती बीओएस, शेवटी येते म्हटलं होतं. २००१ मध्ये कंपनी विकली गेली आणि त्याच वर्षी तिच्या चाहत्यांनी ती सिस्टिम पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली, या वेळी खुली. पुढे नाव ठेवलं हायकू. बीओएसच्या ब्राउझरमध्ये पान सापडलं नाही की चूक झाली असं रुक्ष न सांगता तीन ओळींची कविता यायची, त्या आठवणीत. पहिली बीटा, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती, यायला २०१८ उजाडलं. सतरा वर्षं! बहुतेकांना पगार नव्हता, तरी लोक लिहीत राहिले.

मी परवा एका जुन्या लॅपटॉपला हायकूचा पेनड्राइव्ह लावला. आधी अर्थातच विंडोज उठली. मग बंद करून, परत चालू करून, ती एफ-बाराची कळ दहा वेळा दाबत बसले तेव्हा कुठे यादी आली. पडद्यावर छोट्या चित्रांची एक रांग, एकेक चित्र उजळत जातं, शेवटचं चित्र रॉकेटचं. ते उजळलं आणि डेस्कटॉप समोर. चहा ठेवायलाही उठले नव्हते. वायफाय मात्र काही केल्या सापडेना, ते अजून शोधतेय. नमस्कार.