धमनीच्या आत काय दिसलं

(दृश्य: गोवा, पहाटेची मांडवी नदी. पणजीच्या अटल सेतूवरून जाणारी रुग्णवाहिका.)

छातीत कळा येतात म्हणून पेडण्यातला हा पन्नाशीचा बागायतदार आरोग्य केंद्रात गेला. ईसीजी काढला, मोबाइलवरून हृदयरोगतज्ज्ञांना पाठवला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच दिलं. कळा थांबेनात. म्हणून आता कॅथ लॅब, म्हणजे हृदयाच्या धमन्या तपासून उघडण्याची खोली.

खाली मांडवी आहे. पुलावरून तिचं पात्र किती रुंद ते दिसतं, तळाशी गाळ किती ते दिसत नाही. अँजिओग्राफीचंही तसंच.

(दृश्य: कॅथ लॅबमधला पडदा.)

मनगटातून घातलेली नळी हृदयापर्यंत पोचली आहे. डाय, म्हणजे एक्स-रेमध्ये दिसणारं द्रव, सोडला की काळी रेघ उमटते. ती धमनी नव्हे, धमनीतून वाहणाऱ्या डायची सावली. डावीकडची पुढची मोठी धमनी इथे मध्येच तुटल्यासारखी दिसते. अडथळा कुठे, ते कळलं. तो कशाचा, किती लांब, आणि धमनी मुळात किती रुंद होती, हे मात्र डॉक्टर नजरेनं ठरवतात. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुन्त्सिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिला फुगा फुगवला, तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी असंच चालत आलंय. धमनी तीन-साडेतीन मिलिमीटरची. नजरेला चुकायला अर्धा मिलिमीटर पुरतो.

अटॅकमध्ये आधी रक्त सुरू करायचं, बघणं नंतर. वायर पलीकडे गेली, छोटा फुगा फुगवला, प्रवाह आला.

(दृश्य: ओसीटीची नळी, जवळून.)

ओसीटी म्हणजे प्रकाशानं धमनी आतून पाहण्याची पद्धत. ही नळी एक मिलिमीटरहूनही बारीक. तिच्यातून अवरक्त प्रकाश भिंतीवर पडतो आणि परतलेल्या प्रकाशातून चित्र तयार होतं. रक्त मध्ये आलं की हा प्रकाश अडतो. म्हणून डायच्या झोतानं रक्त क्षणभर बाजूला सारायचं आणि तेवढ्यात मशीननं नळी मागे खेचायची. दोन-तीन सेकंदांचं काम.

(दृश्य: ओसीटीचा पडदा. इथे सावकाश.)

रंग खरा नाही, मशीननं दिलेला आहे. तरी नजर हटत नाही. मधला काळा गोल ही रक्ताची वाट. भोवती भिंतीचे तीन थर. या बाजूला थर धूसर होत जातात, तिथे चरबी साचली आहे. तिच्यावरचा पातळ पापुद्रा इथे फाटलाय, आत पोकळी झालीये, आणि गुठळी नेमकी तिथेच धरलीये. सगळे अटॅक असे नसतात. काहींत पापुद्रा शाबूत असतो, फक्त वरचं अस्तर झिजलेलं असतं. काहींत कॅल्शियमची गाठ वर आलेली असते. झिजेच्या काही निवडक रुग्णांना स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी तारांची जाळी, न घालताही औषधांवर ठेवता येतं. कॅल्शियम जास्त असेल तर बहुधा आधी ते फोडावं लागतं. नुसत्या सावलीवरून हा फरक करणं कठीण.

मापही इथेच मिळालं. अंदाज तीनचा होता, धमनी साडेतीनची निघाली, आणि रोग रेघेत दिसला त्याहून लांब.

(दृश्य: स्टेंट घातल्यानंतरचा दुसरा स्कॅन.)

हे पांढरे ठिपके म्हणजे स्टेंटच्या तारा. वरच्या टोकाला त्या भिंतीपासून सुटलेल्या आहेत. अँजिओग्राफीत हाच स्टेंट उत्तम दिसत होता! मोठा फुगा, जास्त दाब. तिसऱ्या स्कॅनमध्ये तारा भिंतीला टेकल्या.

अल्ट्रासाउंडनं आतून पाहण्याची पद्धतही आहे, आयव्हस. तिला रक्त बाजूला सारावं लागत नाही. अटॅक आणि अटॅकच्या उंबरठ्यावरच्या ३,५०५ रुग्णांवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरात हृदयविकारानं मृत्यू, त्याच धमनीचा अटॅक किंवा तिच्यावर पुन्हा उपचार यांचं प्रमाण नुसत्या अँजिओग्राफीवर ७.३ टक्के होतं, आयव्हसमुळे ते ४ टक्क्यांवर आलं. ओसीटीच्या २०२३ च्या मोठ्या चाचणीत एकूण फरक सिद्ध झाला नाही, स्टेंटमध्ये गुठळी होणं मात्र कमी दिसलं. खर्च वाढतो, हेही खरं.

रुग्ण घरी गेलाय. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर, चुकवायच्या नाहीत.