पाच तासांचा प्लग

[बडोदा, मांजलपूर. रात्रीचे साडेआठ. एक गाडी आवाज न करता उलटी अंगणात येते.]

सूनबाई हालोलहून परतली की ओट्यावरून पहिला प्रश्न ठरलेला. "अगं, किती उरलं?"

"पंचेचाळीस टक्के, बाबा."

आजोबा मान डोलावतात. दांडिया बाजारात होते तेव्हा हाच प्रश्न ते गच्चीवरच्या टाकीबद्दल विचारायचे.

दांडिया बाजारातल्या त्या जुन्या घरासमोर दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे सरकावं लागे. तिथेच राहिले असते तर विजेची गाडी घेण्याचा विषयच निघाला नसता, कारण घरी चार्जिंग करायचं तर आधी घरचं अंगण हवं. मांजलपूरच्या या टेनामेंटला ते आहे. (बडोद्यात स्वतंत्र बैठ्या घरालाही टेनामेंटच म्हणतात, बाहेरच्या पाहुण्यांना ते दरवेळी समजावून सांगावं लागतं.)

सूनबाईची नोकरी हालोलच्या औद्योगिक वसाहतीत. त्याच हालोलला १९९६ पासून ओपेल अ‍ॅस्ट्रा बनायची. तो कारखाना विकला गेला, आणि आता तिथून विजेच्या गाड्याही बाहेर पडतात. जाऊन-येऊन तिचे नव्वदेक किलोमीटर होतात. गाडी एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते, म्हणजे बॅटरीतले तेरा युनिट खर्च. भिंतीतून मात्र पंधरा घ्यावे लागतात. भिंतीत एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट असतो आणि बॅटरीला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा लागतो. हा बदल गाडीतलाच चार्जर करतो, आणि त्यात दीड-दोन युनिट उष्णता होऊन उडून जातात. साध्या सॉकेटमधून तासाला तीन युनिट मिळतात. पंधराला पाच तास.

हे पाच तास महत्त्वाचे आहेत.

[सॉकेटचा जवळून शॉट. पांढऱ्या प्लास्टिकवर तपकिरी कडं.]

हा या घरातला जुना सॉकेट. आता भिंतीवर नाही, आजोबांनी ड्रॉवरमध्ये जपून ठेवलाय. उजव्या भोकाभोवती तपकिरी कडं दिसतंय? पूर्वी याच्यावर गिझर चालायचा, तोही जवळजवळ तेवढाच करंट खायचा, आणि बारा वर्षांत काही झालं नाही. गाडीने तीन आठवड्यांत हे केलं. गिझर वीस मिनिटांत बंद होतो, वायर तापायला लागते तोवर तिची सुटका. गाडी तेरा अँपिअर पाच तास ओढते, रोज. आतली पट्टी जराशी सैल असली की तिथे उष्णता साठत जाते, उष्णतेने पट्टी आणखी सैल होते, आणि एका रात्री घरात जळकट वास येतो. इथे तो पहाटे दोनला आला. आजीला आधी वाटलं, शेजारी कोणी दूध उतू घालवलं.

त्यानंतर मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढली, चार एमएमची तांब्याची. तिला स्वतःचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, आणि तीस मिलिअँपिअरची गळती झाली तरी पडणारा आरसीसीबी. नवा सॉकेट जाड, औद्योगिक पद्धतीचा. एक्स्टेन्शन बोर्ड घरातून हद्दपार. गाडी विकणाऱ्यांनी हे सगळं आधी सांगायला हवं होतं असं आम्हाला वाटतं, पण शोरूममध्ये बोलणं सनरूफवरच अडकतं.

त्याहून भयंकर गोष्ट आधीच होऊन गेली होती. गाडी आली त्या संध्याकाळी चार्जिंगच्या केबलवरच्या डब्यावर लाल दिवा लागला. अर्थिंग नाही. ओळखीचा वायरमन आला, सॉकेट उघडला, पाच मिनिटांत दिवा हिरवा. त्याला चहा पाजला, वर चिवडा दिला. जळकट वासानंतर दुसऱ्या माणसाने सॉकेट उघडला आणि तो काही न बोलता सगळ्यांना जवळ बोलावू लागला. न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थ (गळलेला करंट जमिनीत उतरवणारी) यांच्यामध्ये बोटभर वायरचा तुकडा.

केबलवरचा डबा अर्थ शोधत होता, त्याला न्यूट्रलच अर्थ म्हणून दाखवला होता. अशा घरात एखाद्या वादळात बाहेरचा न्यूट्रल तुटला, तर फेजचा करंट पंख्यातून, फ्रिजमधून फिरून न्यूट्रलवर येतो आणि त्या तुकड्यावरून थेट गाडीच्या पत्र्यावर. गाडी रबराच्या टायरवर उभी, त्यामुळे त्याला जमिनीत उतरायला वाट नाही. ती वाट म्हणजे दार उघडायला हात लावणारा माणूस.

चिवड्याची आठवण निघाली की आजी अजून चिडते.

[तुळशीवृंदावन. शेजारी जमिनीत सिमेंटचं छोटं झाकण.]

खरं अर्थिंग इथे आहे. खड्डा, त्यात धातूची नळी, भोवती मीठ आणि कोळसा. मोजलं तेव्हा पाच ओहमच्या खाली आलं, म्हणजे बरं. पण माती कोरडी पडली की हा आकडा चढतो, आणि बडोद्याचा मे महिना कोणाला सांगायला नको. तेव्हा उन्हाळ्यात आजोबा सकाळी एक तांब्या तुळशीला घालतात आणि एक बादली झाकणाखाली.

सॉकेट छातीच्या उंचीवर का, याचं उत्तर मात्र विजेत नाही, विश्वामित्रीत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी धोक्याच्या सव्वीस फुटांवरून पस्तीसच्याही वर गेली. शहरात पाणी, पाण्यात मगरी. या गल्लीत ओट्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. गाडी नंतरची, पण पायरीवरची ती रेघ पाहूनच जागा ठरली. पावसात चार्जिंग करायला हरकत नसते, गाडीत लावायची गन आणि तिची खाच त्यासाठीच बनवलेली असते. भिंतीकडचा प्लग मात्र ओला होता कामा नये. आणि गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल तर तिला चालूही करायचं नाही, प्लगही लावायचा नाही. उचलून न्यायला सांगायचं.

[रात्रीचे अकरा.]

आल्या आल्या प्लग का लावत नाही? एक तर त्रेचाळीस अंशांतून आलेली बॅटरी जेवणं होईपर्यंत जरा निवते. दुसरं, संध्याकाळी घरात एसी, ओव्हन, इस्त्री सगळं एकदम चालू असतं. पूर्वी मंजूर लोड तीन किलोवॅट होता, गाडी एकटीच तो खायची. अर्ज करून पाच करून घेतला. वेगळं मीटर लागलं नाही; घरच्याच जोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्राच्या सूचनांमध्ये मोकळीक आहे. अर्ज कुठे केला विचारलं तर आजोबा म्हणाले, "जीईबीत." गुजरात वीज मंडळाची २००५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांत वाटणी झाली, पण त्यांच्या तोंडी आजही जीईबीच.

सव्वासात किलोवॅटचा, भिंतीवर लावायचा चार्जिंगचा मोठा डबा त्यांनी घेतला नाही. त्याला बत्तीस अँपिअर, आणखी जाड वायर, आणखी लोड. "गाडी दोन तासांत भरून उरलेली रात्र काय करणार?" हा त्यांचा सवाल बिनतोड आहे. शिवाय काही गाड्यांतला चार्जरच तासाला तीन-साडेतीन युनिट घेतो. तिथे मोठा डबा नुसता शोभेला. रोज दोनशे किलोमीटर धावणाऱ्याचं गणित अर्थातच वेगळं.

गाडी ऐंशीवर थांबते, ते मोबाइलवर लावून ठेवलंय. पूर्ण भरलेल्या अवस्थेत, त्यातही उन्हात, उभं राहणं लिथियमच्या सेलला मानवत नाही. पण या बॅटरीतले सेल लोह-फॉस्फेटचे. भरताना-उतरताना त्यांचा व्होल्टेज जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे गाडीला आपल्यात किती उरलंय याचा अंदाज हळूहळू चुकायला लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा शंभर. निकेलवाल्या बॅटरीला दर आठवड्याच्या शंभराची गरज नसते, ती लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्रीच भरावी. आपली कुठली हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक डिकीत असतं, बहुधा प्लास्टिकच्या पिशवीतच.

[प्लग. म्हातारा हात चौकटीत येतो.]

प्लग लावून अर्धा तास झाला की आजोबा उठतात आणि हाताची मागची बाजू प्लगला टेकवतात, नातवंडाचा ताप पाहावा तशी. कोमट चालतो. चटका बसला तर बंद. मग मीटर वाचतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या हिशेबाशेजारी, बारीक अक्षरात आकडा लिहितात.

पहाटे चारच्या सुमारास अंगणात एक 'टक्' होतो. सहाला पाणी येतं, मोटर सुरू होते, तोवर गाडी भरून झालेली असते. साडेसातला सूनबाई निघायच्या दहा मिनिटं आधी आतूनच गाडीचा एसी लावते, प्लग अजून लागलेला असतानाच, म्हणजे गारवा घरच्या विजेवर होतो.

[कॅलेंडर. मे महिन्याचं पान.]

दूध दीड. दूध दीड, गाडी पंधरा. दूध एक, गाडी सोळा. त्या दिवशी ती वाघोडियावरून फिरून आली होती. रविवारी दूध दोन, कारण पाहुणे. आणि शेजारी शंभर, भोवती गोल.