ठेवलंय ना डिस्कवर!

[काळा पडदा. फक्त आवाज: टक्... टक्... टक्...]

हा आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही. हार्ड डिस्कमधला बारीक हात तबकडीवर आपली जागा शोधतोय. ती सापडत नाही, म्हणून मागे फिरतो आणि पुन्हा शोधायला निघतो. ज्यांनी ही टकटक ऐकलीय, त्यांना पुढचे दोन शब्द पाठ असतात. डिस्क उडाली.

[टेबलावर झाकण काढलेली साडेतीन इंची हार्ड डिस्क]

ही तीच डिस्क. कामातून गेलीय, म्हणूनच झाकण काढलं. चालू डिस्क अशी कधीच उघडू नका, आत गेलेला धुळीचा एक कणही पुरतो. तबकडीकडे बघा, आरशासारखी लख्ख आहे. कडेपासून बोटभर आत एक करडी गोल रेघ दिसतेय? तिथे हेड, म्हणजे त्या हाताचं वाचणारं-लिहिणारं टोक, टेकलं.

ही तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेत होती, म्हणजे सेकंदाला 120. कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जातो. आणि हेड तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस साधारण 80 हजार नॅनोमीटर जाड असतो. हे यंत्र वर्षानुवर्षं चालतं, याचंच मला जास्त आश्चर्य वाटतं.

1956 साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या, जवळपास एक टन वजन, आणि त्यात मावायची 50 लाख अक्षरं. आज फोनवर काढलेला एखादा फोटो त्यात जेमतेम बसेल. तेव्हा एकेक अक्षर जपलं जायचं. आता जागा इतकी मुबलक झालीय की कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: "ठेवलंय ना डिस्कवर!" या वाक्याची मला काळजी वाटते.

[हार्ड डिस्क आणि एसएसडी शेजारी शेजारी]

एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, घ्यावी की हार्ड डिस्क, यावर माणसं तासन्‌तास भांडतात. कॉम्प्युटर चालवायला एसएसडीच हवी, त्यात दुमत नको. पण "आत काही फिरत नाही, म्हणजे बिघडणार नाही" हे मत मला पटत नाही. एसएसडीत माहिती साठते ती विजेच्या भाराच्या रूपात. सिलिकॉनच्या सूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. पूर्वी एका कप्प्यात एकच बिट, म्हणजे एक 0 किंवा 1, ठेवायचे, कप्पा भरलेला की रिकामा एवढंच ओळखायचं. आता स्वस्त डिस्कमध्ये एकेका कप्प्यात चार बिट बसवतात. म्हणजे भाराच्या 16 पातळ्या वेगवेगळ्या ओळखायच्या. कप्प्यातून भार हळूहळू झिरपतो, आणि पातळ्या इतक्या जवळजवळ असल्या की थोडंसं झिरपलेलंही महागात पडतं.

मानकं ठरवणारी जेडेक ही संस्था घरगुती एसएसडीकडून काय मागते? तिच्यावर किती लिहायचं याची ठरलेली मर्यादा संपेपर्यंत वापरलेली डिस्क वीज न देता 30 अंश सेल्सिअसला ठेवली, तर तिने निदान एक वर्ष डेटा धरून ठेवावा. एक वर्ष! नवी डिस्क यापेक्षा बरीच जास्त टिकते, हे खरं. तरीही कपाटात टाकून विसरून जायला मी एसएसडी वापरणार नाही.

"1 टीबी घेतली आणि दिसतात 931 जीबी, फसवलं!" ही तक्रारही नेहमीची. फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या. बाइट तेवढेच.

"डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर सगळं हिरवं दाखवतंय" हे मात्र इतक्या सहज सोडता येत नाही. गूगलने 2007 मध्ये आपल्याकडच्या लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवलेल्या महत्त्वाच्या नोंदींमध्ये आधी एकही इशारा उमटला नव्हता. लाल दिसलं तर धावायलाच हवं, पण हिरवं दिसलं म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

दोन डिस्का जोडून एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर ठेवणारेही भेटतात. एक डिस्क मेली तर काम थांबत नाही, म्हणून ही सोय उत्तम. पण तुम्ही चुकून फोल्डर डिलीट केलंत, तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. क्लाउडवर आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरचंही तेच. काही दिवस ते कचरापेटीत सापडतं, नंतर नाही. आरसा आपलीच हालचाल दाखवतो, कालचा चेहरा दाखवत नाही. बॅकअप म्हणजे कालचा चेहरा.

[एक जुना पेनड्राइव्ह, जवळून]

आता माझं सांगतो. मुलाखत कशी घ्यावी हे शिकत होतो, तेव्हा पहिली मुलाखत घेतली बाबांची. 47 मिनिटांची. ती या उडालेल्या डिस्कवर होती, आणि बॅकअप या पेनड्राइव्हवर. डिस्क गेली तेव्हा मी शांत होतो. पेनड्राइव्ह लावला. फोल्डर होतं, नावही बरोबर होतं. फक्त चित्राच्या कोपऱ्यात एक छोटासा वाकडा बाण होता.

तो बाण म्हणजे शॉर्टकट. डेस्कटॉपवरून मी फोल्डर कॉपी केलं असं समजत होतो, पण कॉपी झाला होता फक्त त्याचा पत्ता. एक-दोन किलोबाइटची चिठ्ठी, आणि चिठ्ठीतलं घरच उरलं नव्हतं. दोन वर्षं तो पेनड्राइव्ह माझ्या खणात होता. त्या दोन वर्षांत एकदाही उघडून पाहिला नाही. तेव्हा बाबा होते, मुलाखत पुन्हा घेता आली असती.

[खण उघडतो. रुंद, चपट्या केबली. फ्लॉपी]

1986 मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीने मोठा प्रकल्प केला. शाळाशाळांतल्या मुलांनी आपापल्या गावांची माहिती आणि छायाचित्रं गोळा केली, ती लेझर डिस्कवर भरली. निमित्त होतं 1086 सालच्या डूम्सडे बुकाला, म्हणजे इंग्लंडमधल्या जमीनजुमल्याच्या हस्तलिखित नोंदवहीला, 900 वर्षं झाल्याचं. पंधराएक वर्षांत त्या डिस्का वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली, आणि तज्ज्ञांना खास प्रयत्न करून तो मजकूर सोडवावा लागला. 1086 चं ते हस्तलिखित मात्र आजही उघडून वाचता येतं. माझ्या या खणातल्या जुन्या हार्ड डिस्कही कदाचित धडधाकट असतील. त्या जोडायला लागणारी 40 पिनांची जागा मात्र माझ्या कॉम्प्युटरवर नाही.

[स्क्रीनवर ध्वनिलहरी]

बाबांच्या मुलाखतीतली 6 मिनिटं उरली. आवाज नीट आलाय का ते ऐकायला एका मित्राला पाठवली होती, त्याच्या मेलमध्ये सापडली. आता ती तीन जागी आहेत, त्यातली एक या घराबाहेर. दर सहा महिन्यांनी तिन्ही प्रती लावतो आणि शेवटपर्यंत ऐकतो, कारण खराब झालेली फाइलही सुरुवातीला कधीकधी नीट वाजते. पाचव्या मिनिटाला बाबा खुर्ची मागे सरकवतात. ती करकर ऐकू आली की पुढची प्रत लावतो.

[खुर्चीचा आवाज]